खोडं, कोयता आणि आखाजी

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीवाल्याला "क्षेत्र किती हेक्टर?" असं विचारलं की तो क्षणभर आपल्याकडे बघत राहतो आणि सांगतो, "बारा हजार." म्हणजे बारा हजार खोडं. इथे केळी खोडांवर मोजतात. रोपं किती आणली, मर किती झाली, नांग्या किती भरल्या, पिलबाग किती धरला, घड किती निघाले, सगळा हिशेब खोडांचा. छापील प्रश्नावलीत मात्र रकाना असतो हेक्टरचा. नवखा अन्वेषक मनातल्या मनात भागाकार करतो, काहीतरी आकडा लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

हा मनातला भागाकार फार महाग पडतो. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण 1,740 खोडं बसतात, सहा बाय पाचवर 1,450. म्हणजे बारा हजार खोडं एका हिशेबाने सात एकरांच्या आत आणि दुसऱ्या हिशेबाने सव्वाआठ एकर. क्षेत्र चुकलं की एकरी खर्च चुकतो, एकरी उत्पन्न चुकतं, आणि त्या दोन आकड्यांवर उभी राहिलेली शिफारसही चुकते. म्हणून आमच्या प्रश्नावलीत आधी खोडं विचारतो, मग दोन ओळींतलं आणि दोन झाडांतलं अंतर. भागाकार करायचा तो खोलीत बसून, यंत्रावर.

विद्यापीठाच्या सामाजिक-आर्थिक पाहण्यांचं काम मी बरीच वर्षं करते आहे. घर अमळनेर तालुक्यातलं, घरात बोली अहिराणी, शिक्षण अर्थशास्त्राचं. पहिल्या प्रकल्पावर क्षेत्र अन्वेषक म्हणून लागले आणि याच कामात राहिले. आमचं विद्यापीठ जळगावजवळ बांभोरीला, गिरणेच्या काठी. 15 ऑगस्ट 1990 ला ते पुणे विद्यापीठातून वेगळं निघालं आणि 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठ होण्याआधी इथल्या मुलाला पदव्युत्तर संशोधन करायचं तर बहुधा पुण्याची वाट धरावी लागे. त्याचा विषयही मग पुण्यातून जसा दिसेल तसा ठरे.

खानदेशाला संशोधनाची परंपरा नव्हती असं मात्र कुणी समजू नये. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. अमळनेरला प्रताप शेटजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. जुने कागद आणि तत्त्वचिंतन या दोन्हींची सोय इथे शंभर वर्षांपासून आहे. राहून गेलं होतं ते आज जिवंत असलेल्या माणसाच्या कमाईचं, कर्जाचं आणि कामाचं मोजमाप. पुण्यात 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तालुका पातळीवरच्या पाहण्यांचा पायंडा पाडला. ते काम आमच्याकडे रुजायला फार वेळ लागला.

उशीर का महागात पडला, ते राज्याच्या हिशेबात दिसतं. प्रादेशिक असमतोल मोजायला दांडेकर समिती नेमली गेली, तिचा अहवाल 1984 चा. अनुशेष हा शब्द तेव्हापासून राजकारणात कायमचा आला. 1994 मध्ये तीन विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. खानदेश या उर्वरितात गेला, म्हणजे मुंबई आणि पुण्याच्या पंगतीला. धडगावचा पाडा आणि पिंपरी-चिंचवडचा कारखाना यांची सरासरी काढली की ती चांगलीच येणार. राज्याच्या 2012 च्या मानव विकास अहवालात नंदुरबार सर्वांत खाली होता, आणि तरी चर्चेत 'उर्वरित महाराष्ट्र पुढारलेला' हे वाक्य सहज येऊन जातं. जळगावचंही तेच. केळी, सोन्याची बाजारपेठ, डाळमिला, ठिबक सिंचनाचे कारखाने. 2011 च्या जनगणनेत साक्षरता 78 टक्क्यांवर. त्याच जनगणनेत 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या 842. एकाच जिल्ह्याचे हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायला कुणीतरी इथलं लागतं, आणि त्याहून जास्त लागतं त्यांच्या मागे गावात जाऊन बसणारं.

तर गावात जाऊन बसणं, हे आमचं काम.

रावेर तालुक्यातल्या एका आबांकडे मी केळीची पाहणी करायला गेले होते. आबांनी आधी चहा पाजला, मग वही काढली. वहीत घड मोजल्याची तारीख, वजन, व्यापाऱ्याने धरलेली घट, त्या दिवसाचा जाहीर भाव आणि प्रत्यक्ष हाती पडलेला भाव, असं सगळं लिहिलेलं. शेवटचे दोन आकडे कुठेच जुळत नव्हते. आमच्या प्रश्नावलीत 'विक्रीचा दर' असा एकच रकाना होता. मी आबांना विचारलं, यातला कुठला लिहू? ते म्हणाले, "ताई, पेपरात येतो तो लिहा म्हणजे आम्ही श्रीमंत दिसू." ते रागावून नाही, अगदी शांतपणे म्हणाले. त्या पाहणीपासून आम्ही दोन्ही भाव लिहून घेतो, आणि त्यातल्या फरकावर स्वतंत्र तक्ता करतो. तो तक्ता मला संपूर्ण अहवालातला सर्वांत उपयोगाचा वाटतो.

केळीतली दुसरी गुंतागुंत जमिनीची. सातबारा एकाच्या नावावर, जमीन खंडाने दुसऱ्याकडे, बाग त्याची. मे-जूनच्या वादळात उभी बाग तासाभरात आडवी होते. पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो, आणि ज्याने रोपं, खतं, मजुरी यांत पैसा घातला त्याच्या हाती काय पडेल हे त्या दोघांच्या तोंडी बोलीवर राहतं. नुसत्या कागदावरून पाहणी केली तर हा माणूस सापडतच नाही. उत्तरेला सातपुड्याकडे सरकलं की हाच प्रश्न उलटा होतो. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर पावरा आणि तडवी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आली. 2006 च्या वनहक्क कायद्याने काहींना पट्टे मिळाले, काहींचे दावे पडून आहेत. सातबारा नाही म्हणून असं कुटुंब पाहणीत 'भूमिहीन' ठरतं आणि घराच्या मागे चार एकर ज्वारी-तूर उभी असते. आता आम्ही दोन प्रश्न वेगळे विचारतो: कागदावर किती आणि कसता किती. पाड्यांवर जाताना तिथलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी बरोबर घेतो. पावरी मला कळत नाही, आणि अर्धवट कळलेल्या उत्तरावर मला विश्वास ठेवता येत नाही.

साक्री तालुक्यातल्या स्थलांतराच्या पाहणीने मात्र आमची कामाची रीतच बदलून टाकली.

धुळे-नंदुरबारच्या पश्चिम भागातून आणि इकडे चाळीसगावकडून माणसं ऊसतोडीला जातात. काही पश्चिम महाराष्ट्रात, बरीच दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला. हे नवं नाही. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने 1970 च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे येणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांवर लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. पावसाळ्यात, घरात धान्य संपत आलेलं असताना, मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रक भरून टोळ्या जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात परत येतात.

साक्री तालुक्यातल्या एका गावी आम्ही पोचलो ते ऐन हिवाळ्यात. नियमाप्रमाणे आधी घरयादी, मग यादीतून ठरावीक अंतराने कुटुंबं निवडायची. एका वस्तीत दाराला दार लागून कुलपं होती. एका ओट्यावर म्हातारी बसली होती, जवळ दोन नातवंडं आणि चार-पाच बकऱ्या. मी शेजारच्या घराबद्दल विचारलं. ती म्हणाली, "त्या कारखानावर गयात. आखाजीले येतीन."

पाहणीच्या पुस्तिकेत अशा घरासाठी सोय असते. पुन्हा एकदा जाऊन बघा, तरी बंद असेल तर बदली कुटुंब घ्या. वाचायला हे किती सरळ वाटतं! पण बदली म्हणून मिळणार कोण? जे गावात आहे ते. म्हणजे ज्याच्याकडे विहीर आहे, गहू-हरभरा पेरलेला आहे, ज्याला जावं लागलं नाही. नियम काटेकोर पाळून आपण गावातली सर्वांत कष्टाची कुटुंबं नमुन्यातून काढून टाकतो आणि त्यांच्या जागी बरी कुटुंबं बसवतो. मग त्या गावाचं सरासरी कर्ज कमी दिसतं, शाळेतली हजेरी चांगली दिसते, वर्षातले रोजगाराचे दिवस फुगतात. एकही उत्तर खोटं नसतं आणि सगळं चित्र खोटं असतं.

आमच्या प्रकल्पप्रमुख सरांशी यावर माझी मोठी चर्चा झाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि निर्णय दिला: बदली घर घ्यायचं नाही. बंद घरासमोर 'स्थलांतरित' लिहायचं, कुठे गेले ते शेजाऱ्यांकडून नोंदवायचं आणि आखाजीनंतर परत यायचं. कागदावर हे एका ओळीचं काम. प्रत्यक्षात प्रवासखर्च दुप्पट, विद्यार्थी अन्वेषकांच्या परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि सर्वांत मोठी अडचण पैशांची. निधी देणाऱ्या खात्याला 31 मार्चच्या आत खर्चाचा दाखला हवा असतो. पैसे मार्चमध्ये संपतात आणि माणसं त्यानंतर घरी येतात. या एका गोष्टीसाठी मी कितीतरी पत्रं लिहिली आहेत, आणि मुदतवाढ मिळाली तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

अक्षय तृतीया म्हणजे आमची आखाजी. गौराई, झाडाला बांधलेले झोके, माहेरी आलेल्या लेकी. सालदाराचं सालही इथे आखाजीला संपतं आणि आखाजीला नवं ठरतं. सालाचा पैसा, धान्य, कपडे, सगळं त्या दिवशी बोललं जातं. 1970 च्या दशकात शहाद्याला अंबरसिंग सुरतवंतींच्या काळात सालदारांनी आणि शेतमजुरांनी मजुरीसाठी आणि जमिनीसाठी जो लढा दिला, तोही या सालाच्या बोलीशी जोडलेला होता. म्हणून आम्ही 'गेल्या 365 दिवसांतील उत्पन्न' असं विचारत नाही. 'त्या आखाजीपासून या आखाजीपर्यंत' असं विचारतो. मग पोळ्याला काय घेतलं, दिवाळीला काय फेडलं, कपाशीची वेचणी किती दिवस चालली, अशी उत्तरं एकामागून एक येतात. माणसाच्या आठवणीला धरायला काहीतरी लागतं, आणि ते 31 मार्च कधीच नसतं.

मे महिन्यात आम्ही परत गेलो तेव्हा कुलपं उघडली होती. त्या म्हातारीच्या शेजारचं घर निघालं नवरा-बायको आणि तीन मुलांचं. तिथे मी मुकादमाच्या हिशेबाची वही पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली. शाळेची शंभरपानी वही. एका ओळीत पुरुषाचं नाव, पुढे 'एक कोयता', मग उचल, मग टनांचे आकडे, मग मधल्या खर्चाला दिलेले पैसे, शेवटी बाकी. बाकी अजून अंगावरच होती, म्हणजे पुढच्या हंगामाला जाणं आधीच ठरलेलं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. वहीभर कुठे एकाही बाईचं नाव नव्हतं.

आमच्या प्रश्नावलीत प्रत्येक व्यक्तीपुढे 'मुख्य काम' आणि 'मजुरी' असे रकाने. नवऱ्याने स्वतःपुढे ऊसतोड सांगितली. बायकोपुढे म्हणाला, "ती घरीच असते." ती तिथेच चुलीपाशी भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सकाळपासूनचा दिवस विचारला. पहाटे अंधारात उठणं, पाणी आणणं, स्वयंपाक, फडात जाणं, नवऱ्याने तोडलेला ऊस सोलून मोळ्या बांधणं, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरणं, मग परत चूल. मी म्हटलं, "मग तुमचं काम कोणतं लिहू?" ती हसली आणि म्हणाली, "काम तर त्येस्नं शे. मी हात लावस." टनाच्या मजुरीतला अर्धा वाटा जिचा आहे ती स्वतःच्या कामाला 'हात लावणं' म्हणते.

तेव्हापासून आम्ही बाईला 'काम करता का?' असं विचारत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत काय केलं ते विचारतो आणि कोयत्याची मजुरी दोघांच्या नावावर निम्मी निम्मी मांडतो. एका परिसंवादात यावर आक्षेप आला: मजुरी टोळीतल्या पुरुषाच्या हातात पडते, मग बाईचं उत्पन्न कसं दाखवता? मी उत्तर दिलं की कमावणं आणि हातात पडणं हे दोन रकाने आहेत, आम्ही दोन्ही भरतो. मला ते आजही पटतं.

याच पाहणीत पांझरेकाठच्या फडांशी गाठ पडली. पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका वर्षी एकच पीक, आणि पाण्याच्या अंदाजाप्रमाणे एखादा फड कोरडा ठेवायचा. पाटकरी पाणी देतो, जागल्या पीक राखतो, निर्णय गावाचे पंच घेतात. 1880 च्या दशकात तरुण विश्वेश्वरय्या साहाय्यक अभियंता म्हणून धुळ्याला होते, पांझरेच्या परिसरात त्यांनी पाटाचं पाणी नळातून पार नेण्याचं काम केलं. फडांचा हा सगळा खटाटोप त्यांनी जवळून पाहिला.

सातबाऱ्यावर फडातला शेतकरी फार वाईट दिसतो. अर्धा एकर इकडे, पाऊण तिकडे, थोडी तिसरीकडे. कुठल्याही पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा तुकडीकरणाचा नमुना. एका नानांनी मला काठीने मातीत चौकोन काढून समजावलं: प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात हवीच. पाणी कमी पडलं आणि एकच फड भिजवायचा ठरला, तर गावातल्या प्रत्येकाचं काहीतरी भिजतं आणि प्रत्येकाचं काहीतरी कोरडं राहतं. कुणी एकटा बुडत नाही. तुकडे हीच त्या व्यवस्थेची न्यायाची हमी. बऱ्याच गावांत ही पद्धत आता मोडली आहे. वर धरणं झाली, विहिरी आणि मोटरी आल्या, ज्याचं त्याचं पाणी झालं. पण जिथे ती थोडीफार चालू आहे तिथे 'तुकडीकरण: गंभीर समस्या' असं लिहून येणं मला अन्याय वाटतो.

कार्यालयातल्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भरलेल्या प्रश्नावल्या तपासायच्या, संकेतांक घालायचे, संगणकावर चढवायच्या, विसंगत उत्तरं शोधून पुन्हा फोन करायचा. हे काम कंटाळवाणं असतं, आणि मला ते मनापासून आवडतं. एरंडोल, पारोळा, शिंदखेड्याकडून आलेली मुलं-मुली इथे पहिल्यांदा स्वतःच्या गावाचा तक्ता बनवतात. शेतमजुराच्या मुलीने मजुरीचा तक्ता केला की ती एक आकडा दहा वेळा तपासते, कारण तो खरा असेल तर तो तिच्या आईचाही असतो.

अहवाल इंग्रजीत होतो आणि मंत्रालयात किंवा ग्रंथालयात जातो. हे मला पहिल्यापासून खुपत आलं. गावात गेल्यावर बहुतेक सगळे विचारतात, "यान्हामा आम्हले काय भेटी?" योजना मिळेल असं खोटं सांगून उत्तरं घेणारे लोकही मी पाहिले आहेत. मी सांगते की मिळणार काही नाही, पण तुम्ही सांगितलेलं तुम्हाला वाचून दाखवीन. म्हणून आता प्रत्येक गावासाठी मराठीत चार पानांचं टिपण करतो आणि मारुतीच्या पारावर किंवा शाळेत बसून ते मोठ्याने वाचतो. नावं नसतात, फक्त गावाचे आकडे.

साक्री तालुक्यातल्या त्या गावी असंच वाचन चाललं होतं. पशुधनाचा तक्ता आला: कुटुंबप्रमुखाच्या नावे इतकी जनावरं, त्यात इतक्या शेळ्या. मागून एक बाई उठून म्हणाली, "बकऱ्या मन्ह्या शेतस. त्येस्ना नावले कशा लावल्यात?" दुसऱ्या बायका हसल्या, मग त्याही बोलायला लागल्या. बकरी कुणी आणली, चारते कोण, बाजारात विकल्यावर पैसा कुणाकडे राहतो, अडीनडीला ती कशी उपयोगी पडते. एका तक्त्यावर तासभर चर्चा झाली. पुरुषांनी आधी विरोध केला, पण शेवटी एक जिभाऊ म्हणाले की बाई म्हणते ते खरं आहे, बैल माझे, बकऱ्या तिच्या.

नव्या प्रश्नावलीत पशुधनाला तीन रकाने आले आहेत: जनावर कुणी आणलं, सांभाळतं कोण, विकल्यावर पैसा कुणाच्या हाती. तिची छपाई चालू आहे. साक्रीकडच्या गावांची घरयादी या वेळी पोळ्याच्या आधीच करायची ठरली आहे. टोळ्या तेव्हा गावातच असतात, आणि कुणी किती उचल घेतली हे त्याच वेळी विचारता येतं.